सीए रिपोर्टचा उलटतपास कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फिरत्या न्यायवैद्यक व्हॅनची बातमी वाचली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. चांगलंच आहे. पण व्हॅन आली म्हणजे साक्षीदार फुटला तरी खटला फुटत नाही, असा जो सूर सगळीकडे लागतो आहे, त्यावर थोडं लिहावंसं वाटलं.

मी ३१ वर्षं कोर्टात लघुलेखक होतो. न्यायाधीशसाहेब साक्ष सांगायचे, मी टंकायचो. नव्वदच्या दशकातला एक खून खटला अजून आठवतो. डोळ्यांदेखत वार पाहिलेली एक म्हातारी पिंजऱ्यात उभी होती. बल्ब चाळीसचा की साठचा? तुम्ही किती फुटांवर? चष्मा कधी लागला? मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी की नंतर? अडीच तास उलटतपास चालला. बाई दोनदा रडली, एकदा पाणी मागून घेतलं. जेवणाच्या सुट्टीनंतर सरकारी वकील उठले, 'सीए रिपोर्ट, साहेब.' (सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, सरकारी प्रयोगशाळेतला रासायनिक विश्लेषक.) बचावाच्या वकिलांनी मान वर न करता 'नो ऑब्जेक्शन' म्हटलं. रिपोर्टवर निशाणी पडली आणि पुढचा साक्षीदार पुकारला गेला. हे इतक्या वेळा व्हायचं की 'सीए रिपोर्ट, नो ऑब्जेक्शन' यासाठी मी लघुलिपीत एकच खूण करून ठेवली होती.

त्या रिपोर्टात होतं एवढंच, की आरोपीच्या शर्टावर मानवी रक्त, गट 'बी'. मयताचाही गट 'बी'. युक्तिवादात त्याचं झालं 'रक्त तंतोतंत जुळलं'. टंकताना माझ्या मनात आलं, गट तर माझाही 'बी' आहे. आपल्याकडे साधारण तीन माणसांत एकाचा असतो. त्या दिवशी कोर्ट हॉलमध्ये पंधरा माणसं असतील, तर चार-पाच जणांचं रक्त त्या शर्टाशी 'तंतोतंत' जुळलं असतं. खुद्द आरोपीचा गट कोणता, याचा कागद फायलीत नव्हता. शिक्षा झाली. ती चूक होती असं मी म्हणत नाही, म्हातारीची साक्ष खरी वाटत होती. पण निकालपत्रात तिला तीन ओळी मिळाल्या आणि शर्टाला दीड पान.

यात साहेबांना किंवा वकिलांना दोष देऊन भागणार नाही. माणूस समोर उभा असला की तो अडखळतो, आवंढा गिळतो, टोपी सारखी करतो. शंका घ्यायला जागा सापडते. कागद आवंढा गिळत नाही. वर सरकारी शिक्का आणि खाली 'सहायक रासायनिक विश्लेषक' अशी सही असली, की विचारायचं काय, हेच सुचत नाही. कायद्यानेही तशी सोय केलेली आहे. जुन्या संहितेचं कलम २९३, आता ३२९, याखाली सरकारी शास्त्रज्ञाचा अहवाल तो स्वतः न येताच पुराव्यात वाचता येतो. कोर्टाला वाटलं तर त्याला बोलावता येतं. माझ्या नोकरीत तसं बोलावलेलं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलं.

आणि तपासणारा तरी माणूसच ना? मुद्देमालाबरोबर प्रयोगशाळेला जे पत्र जाई, त्यात सगळी हकिगत असे: 'यातील आरोपी याने जुन्या भांडणाचा राग मनात धरून मयतास...' बाटली उघडण्याआधीच गोष्ट वाचून झालेली! माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर २००४ साली अमेरिकेच्या एफबीआयने पिशवीवरच्या एका ठशावरून ओरेगॉनमधल्या वकिलाला धरलं. कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही 'ठसा त्याचाच' म्हणून सांगितलं. तो निघाला एका अल्जीरियन माणसाचा, आणि हे शोधलं स्पेनच्या पोलिसांनी. इटिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञाने या चुकीचाच उपयोग करून घेतला. पाच मुरलेल्या ठसेतज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी ज्या जोड्या 'जुळतात' म्हणून निकाली काढल्या होत्या, त्याच त्यांना पुन्हा दिल्या आणि सांगितलं, हा एफबीआयच्या चुकीतला ठसा. पाचपैकी चौघांनी मत फिरवलं. ठसे तेच, डोळे तेच, फक्त कानावर पडलेली हकिगत वेगळी. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

गंमत म्हणजे भारी यंत्रांवर आपण शंका घेतो. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या आलेखाचा आधार घेतला, तेव्हा परदेशातसुद्धा चर्चा झाली. २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय नकोत म्हणून बजावलं. एकपानी सीए रिपोर्टच्या वाट्याला ही तपासणी सहसा येत नाही.

व्हॅन जरूर घ्याव्यात. पण मुद्देमालाच्या पत्रातून हकिगत काढा. काय तपासायचं तेवढं लिहा, आरोपीचा राग प्रयोगशाळेला कशाला कळवायचा? बचावाच्या तरुण वकिलांनी 'नो ऑब्जेक्शन' म्हणण्याआधी एक तरी प्रश्न विचारावा: हे आणखी किती जणांशी जुळलं असतं? आणि आपल्या वार्ताहरांनी 'फॉरेन्सिक अहवालाने शिक्कामोर्तब' असा मथळा देण्यापूर्वी तोच प्रश्न सरकारी वकिलांना फोन करून विचारावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक, जि. सातारा
(नाव छापू नये)