मूळ संख्या आणि बँकेचे कुलूप

सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येमुळे ऑनलाइन बँकिंग अधिक सुरक्षित होईल, हे आपल्या बातमीतील विधान पटले नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली ही संख्या, म्हणजे २चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी आहे. ऑनलाइन व्यवहारांतील माहिती सांकेतिक करण्याच्या आरएसए पद्धतीत सहसा सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त ठेवाव्या लागतात. जगजाहीर संख्येची किल्ली काय कामाची? तिचे मोल निखळ गणिती आहे. अशा प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून, म्हणजे २च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्येतून, ६, २८ यांसारखी एक परिपूर्ण संख्या (स्वतःहून लहान सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या) मिळते, हे युक्लिडने दाखवले होते. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का, हे मात्र आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही; बातमीत या कोड्याचा साधा उल्लेखही नव्हता.

– एक गणित शिक्षक, सांगली