पालघरची फाइल शोधणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी प्रबंध जमा केला. आभाराच्या पानावर तुमचं नाव घालू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नको मॅडम, संगणक केंद्र एवढं लिहा, पुष्कळ झालं." तसंच लिहिलं. पण त्या दोन शब्दांत तुम्ही केलेलं काहीच मावलं नाही, म्हणून हे पत्र. नाव इथेही घेत नाही. तुम्ही वाचाल तेव्हा ओळखालच.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती एका चुकीमुळे. त्याआधी महिनाभर लॅपटॉपशी झगडत होते. माझा प्रश्न साधा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हा आकडा ३५.२ झाला. ही वाढ खरी आहे की सर्वेक्षणात कोणती घरं निवडली गेली त्यामुळे दिसतेय? राज्याचं एक वेळ सांगता येईल, पण जिल्ह्यापर्यंत उतरलं की मोजलेली मुलं थोडी उरतात आणि आकडा डळमळतो. तो किती डळमळतो हे सांगितल्याशिवाय "या जिल्ह्यात कुपोषण वाढलं" असं लिहिणं मला पटत नव्हतं. कारण त्या वाक्यावर उद्या कोणीतरी अंगणवाडीताईंना जाब विचारणार.

त्यासाठी बूटस्ट्रॅप करायचं होतं. सर्वेक्षणातली गावं आणि वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पुन्हा पुन्हा उचलायच्या आणि दर वेळी सगळं गणित नव्याने मांडायचं. (आमच्या सर्वेक्षणाच्या भाषेत या गावांना आणि वस्त्यांनाच क्लस्टर म्हणतात. तुमचा क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेले अनेक संगणक. पहिल्या दिवशी तुम्ही "क्लस्टरवर किती लोड टाकलात?" असं विचारलंत, तेव्हा मला क्षणभर कळेना की तुम्ही कोणत्या गावाबद्दल बोलताय.) चिठ्ठ्यांच्या अशा एका फेरीला चार मिनिटं लागायची. तीन निर्देशक, दोन सर्वेक्षणं, प्रत्येकी हजार फेऱ्या म्हणजे ४०० तास. सतरा दिवस लॅपटॉप बंद करायचा नाही, लाइट जाता कामा नये. तिसऱ्याच दिवशी लाइट गेली.

मग विद्यापीठातल्या क्लस्टरवर खातं मिळालं आणि मी लॉगिन केल्या केल्या तिथेच प्रोग्राम चालू केला, लॅपटॉपवर करायचे तसा. तासाभरात तुमचा फोन आला. पन्नासेक लोकांचे टर्मिनल माझ्यामुळे अडकले होते. खातं बंद करणं तुमच्या हातात होतं आणि नियमातही बसत होतं. तुम्ही म्हणालात, "खाली या, चहा घेता घेता सांगतो." आणि कागदावर एक घर काढलंत. "लॉगिन नोड ही ओसरी आहे. इथे चपला काढायच्या, कोण आलंय ते सांगायचं. काम आत." आत म्हणजे कॉम्प्युट नोड, क्लस्टरमधले प्रत्यक्ष गणित करणारे संगणक. तिथे जायचं तर स्लर्मकडे, म्हणजे कामांची रांग लावणाऱ्या प्रोग्रामकडे, चिठ्ठी द्यायची: किती कोअर (प्रोसेसर) हवेत, किती मेमरी, किती वेळ. ती चिठ्ठी म्हणजे बॅच स्क्रिप्ट. द्यायची आणि घरी जायचं. पाळी आली की काम आपोआप सुरू होतं, आपण समोर बसावं लागत नाही.

पाळी हा शब्द तुम्ही वापरलात आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची शेती मुळा कालव्यावर, अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. शेजपाळी, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीने घेणं, काय असते आणि ती मोडली की टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. ज्याने नुकतंच भरपूर पाणी घेतलं, त्याने जरा मागे थांबायचं. स्लर्मचा फेअरशेअर हेच करतो. कुठल्या गटाने अलीकडे किती वापर केला याचा हिशेब ठेवतो आणि त्यावरून कोणाचा प्राधान्यक्रम वर, कोणाचा खाली हे ठरवतो. मी घाबरून प्रत्येक जॉबला, म्हणजे रांगेत लावलेल्या प्रत्येक कामाला, १२८ जीबी मेमरी मागितली होती आणि दोन दिवस रांगेत अडकले होते. तुम्ही एक चाचणी जॉब चालू दिलात, तो संपल्यावर "सेफ" ही कमांड दिलीत आणि स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवलंत: मागितलेल्या मेमरीपैकी २.३ टक्के वापरली. तीन जीबीसुद्धा नाही. "मागितलं ते तुमच्या नावावर अडतं मॅडम, वापरा नाहीतर न वापरा." पाच जीबी आणि तीन तास मागून बघा, असं सांगितलंत. दहा मिनिटांत जॉब सुरू झाला. का, तेही सांगितलंत. ताल (शेताचा दगडी बांध) घालताना मोठ्या दगडांच्या फटीत चिपा बसवतात, तसं मोठ्या जॉबला सगळे नोड रिकामे होईपर्यंत थांबावं लागतं आणि मधल्या मोकळ्या वेळात छोटी कामं बसवली जातात. मात्र काम किती वेळ चालेल हे खरं सांगितलेलं असावं लागतं. हे सगळं मॅन्युअलमध्ये असेल. मी वाचलंही होतं. कळलं त्या दिवशी.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण पालघर आहे.

मोठं काम पाठवण्याआधी मी एक चाचणी पाठवली होती. ३६ जिल्हे, दोन सर्वेक्षणं, मिळून ७२ छोटे जॉब. परत आल्या ७१ फाइली. मी ते पाहिलं होतं. एखादा जॉब पडला असेल, नंतर बघू म्हणून पुढे गेले. दोन्ही सर्वेक्षणांचे तक्ते जिल्ह्याच्या नावावर जोडले, तर ठाण्याचा आकडा चांगला सुधारलेला दिसला. मला आनंद झाला. मार्गदर्शकांना मेल लिहायला घेतला होता.

त्या रात्री तुमचा मेल आला. तुम्हाला वाटलं होतं नोडमध्ये बिघाड असेल. तुम्ही लॉग उघडलात, तोच जॉब दुसऱ्या नोडवर चालवून पाहिलात, तिसऱ्यावर पाहिलात, आणि तिन्हीकडे तो तिथेच पडला. मेलमध्ये तीनच वाक्यं होती: "७२ जॉब, ७१ फाइली. मशीनचा दोष नाही. २०१५ च्या डेटात पालघर नावाचा जिल्हाच सापडत नाही, असं का?"

असं का, ते मला चांगलं माहीत होतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. पण चौथ्या फेरीचे जिल्हे २०११ च्या जनगणनेप्रमाणे घेतलेले, महाराष्ट्राचे ३५. त्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी सगळे ठाण्यातच. पाचव्या फेरीत तेच तालुके पालघरमध्ये. म्हणजे मी जुन्या अख्ख्या ठाण्याची तुलना नव्या उरलेल्या ठाण्याशी केली होती, आणि जोडणीत पालघर गुपचूप गळून गेला होता. ठाण्यातल्या एकाही मुलाची उंची त्यामुळे वाढलेली नव्हती. नकाशावरची एक रेघ सरकली होती, एवढंच. मोखाड्यातली मुलं माझ्या तक्त्यातून नाहीशी झाली होती आणि त्यालाच मी सुधारणा म्हणायला निघाले होते.

तो मेल मी किती वेळा वाचला, सांगता येणार नाही. कुपोषणाचा अभ्यास माझा, जिल्ह्यांच्या इतिहासावर एक अख्खं प्रकरण माझं, आणि फाइल मोजलीत तुम्ही. दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीतला पालघर भारांक धरून ठाण्यात परत मिळवला, दोन्हीकडे ३५ जिल्हे केले. ठाण्याची सुधारणा होती तशी राहिली नाही.

नंतर बियाण्याचा घोळ तुम्हीच पकडलात. २०० जॉबचा अ‍ॅरे (एकाच स्क्रिप्टच्या क्रमांक दिलेल्या जॉबची माळ) पाठवण्याआधी दहाच पाठवा, असा तुमचा आग्रह होता. दहा फाइली आल्या आणि दहाही फाइलींतला पहिला आकडा दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत एकच. मी स्क्रिप्टमध्ये रँडम आकड्यांचं सीड, म्हणजे ते ज्यापासून उगवतात तो सुरुवातीचा आकडा, पक्कं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक जॉब त्याच चिठ्ठ्या उचलत होता. सहा हजार फेऱ्या केल्याचं मी लिहिलं असतं आणि प्रत्यक्षात तीसच झाल्या असत्या, बाकी सगळ्या त्यांच्या नकला. प्रत्येक जॉबच्या सीडमध्ये त्याचा अ‍ॅरेतला क्रमांक मिळवला आणि ते सुटलं. मग एका संध्याकाळी आठला २०० जॉब पाठवले, एका वेळी चाळीस चालतील अशी मर्यादा घालून, म्हणजे इतरांची पाळी अडू नये. सकाळी सहाला उठून पाहिलं तर रांग रिकामी आणि २०० फाइली. या वेळी मी मोजल्या. दोनदा.

सतरा दिवसांचं काम दहा तासांत झालं, याचे आभार मानायचे तर ते यंत्राचे. तुमचे आभार वेगळे आहेत. एका बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं की समाजशास्त्रवाल्यांना क्लस्टर कशाला हवा, त्यांचं एक्सेलमध्ये होतं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की भारतातला पहिला डिजिटल संगणक १९५६ साली बसला तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या संस्थेत, जिथे देशाच्या नमुना सर्वेक्षणांचं काम चालायचं. खोलीत मागे बसलेल्या मला तेव्हा काय वाटलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते. त्या दिवसापासून तुमच्या केंद्राचा जिना उतरताना मला परवानगी मागायला आल्यासारखं वाटलं नाही.

माझ्या प्रकरणात आता काही जिल्ह्यांसमोर "वाढलं" किंवा "घटलं" नाही, "सांगता येत नाही" असं लिहिलंय. परीक्षकांना ते आवडेल की नाही, माहीत नाही. मला ते वाक्य लिहिताना हायसं वाटलं.

स्क्रॅचवरच्या (क्लस्टरच्या तात्पुरत्या साठवणीतल्या) माझ्या सगळ्या फाइली काल काढून टाकल्या, जागा मोकळी केली आहे. प्रबंधाची एक प्रत बांधायला टाकलीय. शुक्रवारी मिळेल, ती घेऊन खाली येते. चौथ्या प्रकरणातला शेवटचा तक्ता तेवढा उघडून पाहा. त्यात "ठाणे (पालघरसह)" अशी एक ओळ आहे.

आपली नम्र,
समाजशास्त्र विभागातली विद्यार्थिनी