सरांच्या वह्या आणि पाटाचं पाणी

प्रिय बापू,

गणपतीनंतर सविस्तर लिहीन म्हणालो होतो, आता दिवाळीही उरकली. तब्येत ठीक, गुडघा तसाच. आज लिहितोय कारण सर गेल्यावर काकूंनी त्यांच्या सगळ्या वह्या माझ्याकडे पाठवल्या. शेवटच्या वहीत जुन्या मोडी कागदांवरच्या पुढच्या कामाची यादी आहे. ती वाचली आणि रात्रभर डोळा लागला नाही. घरात कुणाला काय सांगणार? तुलाच कळेल.

यादीत अख्खा परगणा आहे रे! तालेबंदांतले वर्षाचे हिशेब, रोजकीर्दींतले रोजचे हिशेब, वतनाचे तंटे, इनामांच्या चौकशा, पाटाच्या पाण्याचे वाद. हे सगळं तू आणि मी तडीला नेऊ, असं सरांनी धरलेलं. नोकरी सांभाळून मला पहाटेच काय तो वेळ मिळतो. तू म्हणशील, तक्ता कर. मागचा तक्ता तूच करून दिला होतास, त्यात जेवायला वेळच ठेवला नव्हतास! तक्त्याने तास नीट लागतात, वाढत नाहीत. त्यात मोडी. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, कारकून बदलला की नवं वळण. 'सलास सबैन मया व अलफ' हा अरबी आकड्यांतला शुहूर सन 1173, म्हणजे 1772-73, हे चटकन लागतं, पण फाटक्या कडेवरच्या एका आडनावापायी अख्खी सकाळ जाते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे 35 हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. आठवड्याला एक म्हटला, तरी पावणेसातशे वर्षं.

आपलं ते भांडण आठवतं? इतिहासकार सरदेसायांनी पासष्टीत त्या दफ्तराला हात घातला आणि 1930 ते 1934 मध्ये निवडक कागदांचे 45 भाग काढले. तू म्हणालास, निवडायलाच जिगर लागते. मी इतिहासाचार्य राजवाड्यांच्या बाजूने, मिळेल तो कागद छापावा. चहा गार झाला आणि पुढे कितीतरी दिवस आपण बोललो नाही. राजवाड्यांवरचं माझं प्रेम आजही तसंच आहे. गावोगाव हिंडून त्या माणसाने मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. पण 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात ते गेले, तेव्हा त्यांचा धातुकोश, म्हणजे मराठी क्रियापदांच्या मुळांचा कोश, छापायचा राहिलाच होता. काल रात्री हेच सारखं मनात येत होतं.

तर मी ठरवलंय. फक्त पाटाच्या पाण्याचे कागद करणार. त्या गावांत अजून त्याच पाटावर, त्याच पाळ्यांवरून माणसं हमरीतुमरीवर येतात. पूर्वी पाणी कोणाला किती घटका मिळायचं, हे त्यांच्या हाती पडलं पाहिजे, आणि ते माझ्या हयातीत. बाकीच्या वह्या स्कॅन करून सरांच्या त्या दोन विद्यार्थिनींना देतो. त्यांचं वाचन माझ्यापेक्षा तल्लख आहे, शिवाय त्यांच्यापुढे वर्षं आहेत.

प्रश्न काकूंचा. वह्यांबरोबर चिठ्ठी आहे, 'यांचं सगळं तू पुरं करशील.' त्यांना नाही कसं म्हणू? फोनवर हे बोलायचं नाही, एवढं नक्की. आणि खोटा होकार तर त्यांना मुळीच द्यायचा नाही.

चिऊची बारावी कशी चाललीय? नाशिकच्या घराचं कर्ज झालं का मंजूर? आईंना नमस्कार.

येत्या रविवारी ये. काकूंकडे दोघे जाऊ. तू शेजारी असलास की मला नीट बोलता येतं.

तुझा,
अण्णा