मूलपेशींच्या बातमीत दुखापतीचा दिवसही सांगावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या दुखापतीवर जपानमध्ये झालेल्या मूलपेशींच्या ('स्टेम सेल', म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात अशा पेशी) प्रयोगाची बातमी आपल्या दैनिकात आली, त्यानंतर दोन दिवसांत मला चार नातलगांचे फोन आले. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी आंबे काढताना फांदी मोडून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याच्यावर आता इलाज होईल का, एवढेच सगळ्यांना विचारायचे होते. आपल्या बातमीत चुकीचे काही नव्हते, परंतु हा प्रश्न ज्या तपशिलामुळे उद्भवलाच नसता तो तपशील तिच्यात नव्हता, म्हणून हे पत्र.

टोकियोच्या केयो विद्यापीठात हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या चमूने डिसेंबर २०२१ पासून चार रुग्णांच्या मज्जारज्जूत प्रत्येकी सुमारे २० लाख पेशी सोडल्या. दात्याच्या पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन (शिन्या यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले ते याच तंत्रासाठी) त्यांच्यापासून मज्जासंस्थेच्या पूर्वपेशी, म्हणजे पुढे चेतापेशी घडवू शकणाऱ्या पेशी, तयार केलेल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर दुष्परिणाम कोणालाही झाला नाही. एक रुग्ण स्वतःच्या बळावर उभा राहून चालण्याचा सराव करू लागला, दुसऱ्याच्या हातापायांत हालचाल आली, उरलेल्या दोघांत मात्र लक्षणीय सुधारणा दिसली नाही. हे चौघेही दुखापत होऊन दोन ते चार आठवडे झालेले रुग्ण होते, आणि बातमीत नेमके हेच राहून गेले होते.

ही मुदत शास्त्रज्ञांनी उगीच निवडलेली नाही. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत तेथे इतका दाह असतो की सोडलेल्या पेशी तगत नाहीत, आणि पुढे काही आठवड्यांनी जखमेभोवती घट्ट व्रणऊती तयार होऊन तुटलेल्या चेतातंतूंची वाट अडते. जुन्या दुखापतीत तर त्या जागी बहुधा पाणी भरलेली पोकळी उरते. नव्या पेशींनी तेथे चेतापेशी घडवाव्यात आणि उघड्या पडलेल्या तंतूंवर पुन्हा आवरण चढवावे ही अपेक्षा उंदरांत आणि माकडांत बऱ्याच अंशी खरी ठरली आहे. अकरा वर्षांच्या व्रणातून हे घडवणे हा वेगळाच, आणि पुष्कळ अवघड, प्रश्न आहे.

शिवाय पहिल्या काही महिन्यांत काही रुग्णांत आपोआपही थोडी सुधारणा होते. त्यामुळे पेशी न दिलेल्या रुग्णांशी तुलना झाल्याखेरीज श्रेय कशाला द्यायचे हे सांगता येत नाही, आणि केयोच्या प्रयोगात तसा तुलनागट नव्हता. पेशी सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणे हाच त्याचा मुख्य हेतू होता. अमेरिकेतील स्टेमसेल्स या कंपनीनेही गर्भाच्या मेंदूतील मूलपेशी वापरल्या होत्या. सुरुवातीचे निकाल उमेद देणारे वाटले, पण परिणाम पुढे टिकताना दिसला नाही आणि २०१६ मध्ये ती चाचणी थांबली. त्या बातमीला आपल्याकडे कितीशी जागा मिळाली असेल?

आमच्या घराने या अर्धवट माहितीची किंमत मोजली आहे. भावाच्या अपघातानंतर तिसऱ्या वर्षी एका शहरातील दवाखान्याने त्याच्याच कमरेच्या हाडातील मज्जा (बोन मॅरो) काढून ती पाठीत टोचली. त्यासाठी आम्ही कलमांच्या बागेचा एक तुकडा विकला. त्या पेशींचा मज्जासंस्थेच्या मूलपेशींशी काहीही संबंध नव्हता, हे मला पुष्कळ नंतर समजले. 'स्टेम सेल' हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा. भावाला फरक पडला नाही, अपायही झाला नाही, हे आमचे नशीब. नाकातील ऊतीच्या पेशी मज्जारज्जूत घालून घेतलेल्या एका तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी श्लेष्म स्रवणारी गाठ सापडल्याची नोंद २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत संदिग्ध नाहीत. रक्ताच्या ठरावीक विकारांतील मूलपेशी प्रत्यारोपण वगळता हे उपचार केवळ मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत चाचणीतच करता येतात, आणि चाचणीतील प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे ज्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत पॅकेजचा दर सांगितला जातो तेथे संशोधन चाललेले नाही, एवढे सामान्य माणसालाही ओळखता येईल. पक्षाघात बरा करण्याच्या जाहिरातींवर तर औषधे आणि चमत्कारी उपाय अधिनियम, १९५४ अन्वये बंदीच आहे. तरीही अशा जाहिराती छापून येतात, आणि क्वचित त्याच अंकात ज्यात परदेशातील संशोधनाची बातमी असते.

म्हणून आपल्या वैद्यकीय वार्ताहरांना विनंती आहे की अशी बातमी देताना पेशी कोणत्या होत्या, दुखापत होऊन किती दिवस झाले होते आणि तुलनेसाठी दुसरा गट होता की नव्हता, एवढे पहिल्या दोन परिच्छेदांतच सांगावे. आपल्या जाहिरात विभागानेही वरील कायदा एकदा नजरेखालून घालावा. भावाने स्वतः ती बातमी माझ्या आधी वाचली होती. त्याने मला फक्त 'किती आठवड्यांची केस होती?' एवढेच विचारले.

आपला,
एक वाचक, देवरुख (जि. रत्नागिरी)