रात्री पावणेतीनला परवानगी कोण देणार? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीला एका सायबर सुरक्षा केंद्रात शिफ्ट लीड आहे. नऊ वर्षं हेच काम करते आहे, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. बँका, कारखाने, काही सरकारी कार्यालयं यांच्या सर्व्हरवर काय चाललंय ते आमच्या पडद्यांवर दिसत असतं. आमच्या धंद्यात या खोलीला ‘सॉक’ म्हणतात. सरकारी कार्यालयं अशी केंद्रं चालवण्यासाठी निविदा काढतात. त्या मी ओळ न ओळ वाचते, कारण पुढे त्याच ओळींच्या कुंपणात आम्हाला काम करायचं असतं. त्या ओळींबद्दलच हे पत्र आहे.

एका शुक्रवारच्या रात्रीपासून सुरुवात करते. कार्यालयाचं नाव सांगणार नाही. पावणेतीन वाजले होते. एरवी सकाळी दहाला उघडणारं आणि संध्याकाळी सहाला बंद होणारं एका कर्मचाऱ्याचं खातं अचानक सर्व्हरवर लॉगिन झालं. दोन मिनिटांत बॅकअपची सेवा बंद पडली आणि विंडोजने जपून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसल्या जाऊ लागल्या. या तीन गोष्टी एका रांगेत दिसल्या की पुढे काय येतं हे आमच्याकडचा नवखा मुलगाही सांगेल: आता फायलींना कुलूप लागणार आणि खंडणीची चिठ्ठी येणार. माझ्या शेजारी बसलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाने ते चार मिनिटांत ओळखलं. ते यंत्र नेटवर्कपासून तोडायचं बटण त्याच्या पडद्यावर होतं. पण ते दाबायचा अधिकार आम्हाला नव्हता. करारात लिहिलं होतं की सेवा पुरवठादाराने ग्राहकास कळवावे व लेखी मान्यता मिळाल्यावर कार्यवाही करावी.

त्याने नोडल अधिकाऱ्यांना तीन वेळा फोन केला. फोन बंद. यादीतला दुसरा क्रमांक सहा महिन्यांपूर्वी बदली होऊन गेलेल्या साहेबांचा निघाला. त्याने ईमेल पाठवला, तिकिटावर, म्हणजे त्या घटनेच्या नोंदीत, लिहून ठेवलं आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. एकामागून एक सर्व्हर लाल होत गेले. सकाळी दहाला दहा कमी असताना उत्तर आलं, ‘कृपया कार्यवाही करावी.’ तोवर कार्यवाही करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

साहेबांचा मला राग नाही. रात्री झोपणं हा गुन्हा नाही. पण ते तीन संकेत एकत्र आले की ते यंत्र आपोआप तोडून टाकायचं, हा नियम लिहायला अर्धा दिवस लागतो आणि लिहिल्यावर तो काही सेकंदांत काम करतो. तंत्रज्ञान हाताशी होतं. मान्यता आधीच देऊन ठेवलेली नव्हती, एवढंच.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीचं 2013 चं प्रकरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी शोधयंत्रणा नुकतीच बसवली होती. 30 नोव्हेंबरला तिने धोक्याचा इशारा दिला. तो पहिल्यांदा पाहिला बंगळुरूच्या चमूने, आणि त्यांनी तो मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवला. तिथे तो पडून राहिला. त्या यंत्रणेत घातक फाईल आपोआप पुसून टाकायची सोयही होती, पण ती बंद ठेवलेली होती. सुमारे 4 कोटी कार्डांचे तपशील चोरीला गेले. बंगळुरूच्या त्या माणसांनी आपलं काम नीट केलं होतं. ही गोष्ट वाचली की मला ऐरोलीची ती रात्र आठवते.

वेळ किती थोडा मिळतो याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. कॉसमॉस बँकेवर 11 ऑगस्ट 2018 ला हल्ला झाला. तो शनिवार होता. चोरांनी बनावट स्विच उभा केला होता. एटीएममधून पैसे मागणारी विनंती बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न जाताच तिथून मंजूर होत होती. 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे 78 कोटी रुपये निघाले, भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्गे हाँगकाँगला आणखी जवळजवळ 14 कोटी गेले. एकूण आकडा 94 कोटींच्या वर गेला. हल्लेखोर शनिवार निवडतात, सणाची सुट्टी निवडतात, पहाट निवडतात. आपली मान्यतेची साखळी मात्र कार्यालयीन वेळेत चालते.

आता त्या खोलीत रोज काय चालतं ते सांगते, कारण निविदा लिहिणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. समजा अलर्ट आला की अमुक आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या अमुक क्रमांकावरून, कोणी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला. मुलगी तो आयपी पत्ता कॉपी करते, एका संकेतस्थळावर टाकून बघते, मग दुसऱ्यावर. तो कोणत्या देशातला, कोणाच्या मालकीचा, ते शोधते. मग खातं कोणाचं, तो माणूस रजेवर आहे का, त्याने काल पासवर्ड बदलला होता का, हे तिसऱ्या खिडकीत बघते. सगळं तिकिटात चिकटवते. दहा-बारा मिनिटं जातात आणि बहुतेक वेळा निष्पन्न होतं की माणूस नवा पासवर्ड विसरला होता. मग ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, म्हणजे खोटा अलर्ट, निवडायचं, तिकीट बंद करायचं, पुढचं उघडायचं. पहाटे चारला हे तिसाव्यांदा करताना डोळे अक्षरांवरून घसरतात. खरा अलर्ट नेमका तेव्हा येतो आणि तोही त्याच हाताने बंद होतो. यात कोणाचा आळस नाही. माणसाच्या मेंदूला ते ओझं झेपत नाही.

ही सगळी शोधाशोध यंत्राकडे देता येते. आमच्या एका खाजगी ग्राहकाने आम्हाला तशी मुभा दिली. अलर्ट उघडताना पत्त्याची माहिती, खात्याचा इतिहास, रजेची नोंद सगळं आधीच भरलेलं असतं. माणसाने फक्त वाचायचं आणि ठरवायचं. बॅकअप आपोआप घेणाऱ्या एका छोट्या प्रोग्राममुळे, म्हणजे स्क्रिप्टमुळे, रोज रात्री शेकडो खोटे अलर्ट येत होते. ते अलर्ट देणारा नियम आम्ही मुळातून दुरुस्त केला आणि ते थांबले. वाचलेल्या वेळात तीच मुलं जुन्या नोंदी चाळून लपलेले धोके शोधू लागली, नवे नियम लिहू लागली. रात्रपाळी सोडून जाण्याचं प्रमाणही तिथे कमी झालं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सरकारी कामात हे का होत नाही? कारण निविदा खुर्च्या मोजते. चोवीस तास अमुक इतकी माणसं बसलेली हवीत, असं तिच्यात असतं. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची म्हणजे आठवड्याचे 168 तास. सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण धरलं की एका खुर्चीमागे पाच माणसं लागतात. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं, म्हणून ती पाचही माणसं सगळ्यात स्वस्त लागतात. त्यातच अट असते की अलर्ट आल्यापासून पंधरा मिनिटांत ‘अ‍ॅकनॉलेज’ (म्हणजे पाहिल्याची नोंद) केला नाही तर दंड. मग मुलं आधी बटण दाबतात आणि नंतर वाचतात. वेळ झाला तर. महिन्याच्या अहवालात हजारो तिकिटं बंद केल्याचा आलेख वर जाताना दिसतो. तो पाहून खुश होणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तेच तिकीट पुन्हा पुन्हा का येतंय, हा प्रश्न एकदा विचारा. ज्या पुरवठादाराला बंद केलेल्या तिकिटांवर पैसे मिळतात, तो तिकिटं कमी कशाला करेल?

म्हणून करारात लिहावं की चमूच्या वेळेचा ठरलेला हिस्सा, माझ्या मते निदान एक तृतीयांश, नियम सुधारण्यावर आणि स्वयंचलन उभारण्यावरच जाईल. गूगलने आपल्या सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्यांसाठी हाताने करायच्या रटाळ कामाला 50 टक्क्यांची मर्यादा घातली, ती याच विचाराने. आणि मोजायचं असेल तर घुसखोरी लक्षात यायला किती वेळ लागला, ती रोखायला किती लागला, आणि किती खोटे अलर्ट मुळातून संपवले, हे मोजावं.

दुसरी गोष्ट मालकीची. एका कार्यालयाचा पुरवठादार बदलला तेव्हा आम्ही ते काम हाती घेतलं. आधीच्या चमूने तीन वर्षांत लिहिलेले नियम, कोणते अलर्ट का बंद केले याच्या नोंदी, प्रसंग आला तर पावलं कशी टाकायची याची टिपणं, सगळं त्यांच्यासोबत गेलं. हँडओव्हरला आमच्या हातात पडली पासवर्डची एक एक्सेल फाईल. ते तीन वर्षांचं शहाणपण जनतेच्या पैशातून आलं होतं. ‘सिग्मा’सारख्या खुल्या स्वरूपात नियम लिहिले तर ते एका कंपनीच्या यंत्रणेतून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेत नेता येतात. ते शासनाच्या स्वतःच्या संग्रहात राहावेत, प्रत्येक बदलावर तारीख आणि कारण असावं, आणि नवा नियम चालू करण्याआधी जुन्या नोंदींवर तपासून बघितलेला असावा.

स्वयंचलनाची भीती वाटते हे मला मान्य आहे. मलाही वाटते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट आपोआप जगभर गेलं आणि सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं बसली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. आमच्याकडेही एकदा स्क्रिप्टने संशयास्पद म्हणून जे खातं गोठवलं, त्याच खात्यावर ग्राहकाचं पगाराचं सॉफ्टवेअर चालत होतं. ती स्क्रिप्ट मी लिहिली होती. ते खातं अपवादांच्या यादीत घालायला मी विसरले आणि अर्धा दिवस लोकांचे फोन घेत बसले. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: जे एका बटणात पूर्ववत करता येतं तेच यंत्राने एकट्याने करावं. कर्मचाऱ्याचा संगणक नेटवर्कपासून तोडणं चालेल, सकाळी जोडता येतो. रुग्णालयाचा मुख्य सर्व्हर, पाणीपुरवठ्याचं नियंत्रण, सातबाऱ्याचा डेटाबेस यांना हात लावण्याआधी माणूस हवाच, आणि तो माणूस रात्री जागा हवा. नवा नियम आधी आठवडाभर नुसता बघत ठेवावा, मग थोड्या यंत्रांवर, मग सगळीकडे.

हल्ली अलर्ट वाचून सारांश देणाऱ्या एआयचंही सादरीकरण प्रत्येक कंपनी करते. उपयोग आहे, मी रोज वापरते. पण नोंदींमधला मजकूर हल्लेखोरही लिहू शकतो. फाईलच्या नावात तो ‘हे सुरक्षित आहे, दुर्लक्ष कर’ असं त्या एआयसाठीच लिहून ठेवू शकतो. म्हणून त्याच्या शब्दावर तिकीट बंद करायची मुभा देऊ नये.

दिल्लीच्या एम्सवर 23 नोव्हेंबर 2022 ला हल्ला झाला तेव्हा पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि पुढचे कित्येक दिवस रुग्णांची कामं कागदावर चालली. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, हे सरकारने संसदेत सांगितलं. एम्ससारख्या संस्थेची ही गत, तर आपल्या नगरपरिषदांचं काय? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते आणि 180 दिवसांच्या नोंदी जपायच्या असतात. ज्या नगरपंचायतीत संगणकाचं सगळं काम एका कंत्राटी ऑपरेटरवर चालतं, तिथे लक्षात कोणाच्या येणार? प्रत्येकाने स्वतःचं केंद्र उभारावं हे शक्यच नाही. सेबीने ऑगस्ट 2024 मध्ये लहान दलालांसाठी शेअर बाजारांनी सामायिक ‘मार्केट सॉक’ उभारावं असं ठरवलं. आपल्या 29 महानगरपालिकांना स्वतंत्र केंद्र परवडेल किंवा नाही, पण नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांसाठी विभागवार एक सामायिक केंद्र नक्की चालू शकतं. नियम एकदाच लिहायचा, लागू सगळीकडे होईल. या केंद्रांत निदान नियम लिहिणारी चार-पाच माणसं शासनाची, कायम पदांवरची असावीत. पहारेकरी भाड्याने आणता येतात, पण घराच्या किल्ल्या कुठे आहेत हे घरातल्या कोणाला तरी माहीत हवं.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, हे मला कळतं. एक गोष्ट मात्र पैशांशिवाय होऊ शकते. प्रत्येक कार्यालयप्रमुखाच्या सहीचं पूर्वमान्यता पत्र. त्यात कोणते संकेत दिसल्यावर कोणती यंत्रं मान्यतेची वाट न पाहता तोडावीत, कोणत्यांना हात लावू नये, रात्री फोन उचलणारे तीन अधिकारी कोण, आणि बदली झाली की यादी सात दिवसांत कोण दुरुस्त करेल, एवढं असावं. शेवटी एक ओळ हवी: या पत्रानुसार सद्‌हेतूने यंत्र तोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर ते यंत्र नंतर निर्दोष निघालं म्हणून दंड किंवा कारवाई होणार नाही. ती ओळ नसेल तर बाकीचा कागद असून नसल्यासारखा, कारण तेवीस वर्षांचा मुलगा बटणावर बोट ठेवून नोकरीचाच विचार करत बसेल.

त्या पत्राचा दीड पानांचा मसुदा सोबत जोडला आहे. तो मी आणि माझ्या शिफ्टमधल्या चौघांनी मिळून लिहिला. त्यातल्या एकाने त्या शुक्रवारी तीन वेळा फोन लावला होता.

आपली विश्वासू,
रात्रपाळीची एक शिफ्ट लीड,
ऐरोली, नवी मुंबई