व्हॉयजरचा कोड आणि आजचे गेम

संपादक साहेब, नमस्कार. नासाचं व्हॉयजर-१ हे अंतराळयान १९७७ ला सुटलं, त्याच वर्षी अमेरिकेत अटारी २६०० हा टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेमचा संच आला, रॅम फक्त १२८ बाइट, तरी लोक तासन् तास खेळायचे. नोव्हेंबर २०२३ मधे व्हॉयजर काहीतरीच डेटा पाठवायला लागलं, मेमरीची एक चिप गेलेली, तर नासाच्या लोकांनी तिथला कोड तुकडे करून उरलेल्या मेमरीत जागा मिळेल तिथे बसवला, तेही २४०० कोटी किमी लांबून, सिग्नल पोचायलाच साडेबावीस तास, आणि एप्रिल २०२४ मधे ते परत नीट बोलायला लागलं! याला म्हणतात प्रोग्रॅमिंग. आणि आता एकेका गेमला १०० जीबी, वर पहिल्याच दिवशी चुका दुरुस्त करणारा पॅच. मेमरी भरपूर मिळते म्हणून कशीही उधळायची का? कॉलेजांनी मुलांना एकदा तरी अशा टंचाईत कोड लिहायला लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे