डब्यावरची चिठ्ठी

टोरांटो

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

जूनमध्ये तू इथे असताना आमच्या गल्लीचं पॉटलक आहे. प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून न्यायचा. तू म्हणालीस, साबुदाण्याची खिचडी करू, उपासाचं सगळ्यांना चालतं. गोम तिथेच आहे.

इथे पाकिटावर स्पष्ट लिहावेच लागतात अशा ॲलर्जीच्या पदार्थांत शेंगदाणा आहे, तीळ आहे आणि २०१२ पासून मोहरीसुद्धा. म्हणजे तिळगूळ बाद, आणि आपली फोडणीही संशयित. हिंग तर छुपा रुस्तम: डबीतल्या पुडीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. गहू वर्ज्य असलेला माणूस आमटी-भात निर्धास्त वाढून घेतो आणि हिंगातून गहू पोटात जातो.

नुसतं कूट वगळून भागत नाही. भाजलं-शिजवलं तरी दाण्यांची ॲलर्जी जात नाही. कूट केलेल्या मिक्सरच्या पात्याखाली, डब्याच्या झाकणातल्या रबरी रिंगेत, लाकडी कलथ्याच्या भेगेत ते राहतंच. रिंग काढून साबणाने घासायची, कलथा स्टीलचा घ्यायचा. हात सॅनिटायझरने चोळून उपयोग नाही; तो जंतू मारतो, कूट धुऊन काढत नाही. तेव्हा खिचडी ओल्या खोबऱ्याची करू. चव उतरते, मान्य. साबुदाणा पाव किलो पुरे, दहा पदार्थांच्या टेबलावर माणूस दोन चमचेच घेतो.

डब्यापुढे चिठ्ठी ठेवायची: साबुदाणा, बटाटा, खोबरं, मिरची, जिरं, तूप. तूप दुधाचं, हेही लिहायचं. नुसतं ‘व्हेज’ लिहू नकोस. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यात अंडं बसत नाही, इथल्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये बसतं, आणि व्हीगन माणसाला तूपही नको. डावही आपलाच न्यायचा. दुसऱ्याचा डाव आपल्या भांड्यात आला की चिठ्ठी खोटी पडते.

कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम, पाळणारं कुटुंब तुझी खिचडी घेणार नाही. त्यात मांस नसलं तरी ती आपल्या भांड्यांत शिजली आहे. मनाला लावून घेऊ नकोस. सोवळं पाहिलेल्या माणसाला ते समजायला जड जाऊ नये. त्यांच्यासाठी न चिरलेली फळं ठेवायची.

गिरगावात आपण असं काही विचारत नाही. समोरच्या जैन बिऱ्हाडात कांदा-लसूण-बटाटा जात नाही, श्रावणात कुणाकडे काय बंद, रमजानात सरबत कधी पाठवायचं, हे आपल्याला आडनावावरून ठाऊक असतं. मला ते अजून लोभस वाटतं. पण त्याच आडनावावरून मुंबईतल्या काही सोसायट्या मासे खाणाऱ्यांना जागा नाकारतात, हेही खरंच ना? इथे आडनावावरून काही ताडायचं नाही, माणसागणिक विचारायचं. कॅनडाने बहुसांस्कृतिक धोरण १९७१ मध्ये जाहीर केलं, कायदा १९८८ मध्ये केला. पण शेजाऱ्याला काय चालतं हे कुठला कायदा सांगणार? त्याला चिठ्ठीच लागते. यातही एक कोरडेपणा आहेच: वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्याचं पथ्य कुणी लक्षात ठेवत नाही, कारण ठेवायची गरजच पडत नाही.

आग्रहाचं मात्र आधीच सांगून ठेवते. इथे एकदा ‘नको’ म्हटलं की ते ‘नको’च. तू तिसऱ्यांदा वाढायला गेलीस तर समोरचा अवघडेल. उलट तुला कुणी विचारलं आणि तू रीत म्हणून ‘नको नको’ केलंस, तर ताट पुढे सरकेल आणि तू उपाशी राहशील. हवं असेल तर पहिल्याच वेळी हो म्हण. बाबांनाही सांग, आणि पगार-भाडं विचारू नका म्हणावं.

डबा परत येईल तो धुतलेला आणि रिकामा. त्यात साखरेचे चार दाणेही नसतील, तो अपमान समजू नकोस. तू मात्र त्यांचा डबा भरूनच पाठव. इथल्या लोकांना ते फार आवडतं, फक्त वर चिठ्ठी हवी.

येताना हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचून घे. तांदळाच्या पिठातला मिळाला तर दोन डब्या आण.

तुझी,
रेवा